दुकानात प्रोग्राम टाकायचा, तर जावा सोबत न्या

उल्हासनगर कॅम्प २ मधल्या दुकानदारांना हे सांगणं आहे. त्यांच्यासाठी बिलाचे, स्टॉकचे प्रोग्राम लिहिणाऱ्या आपल्या मुलामुलींनाही आहे. दोघांनी वाचा. प्रोग्राम एक जण लिहितो, दुसरा वापरतो. पण तो अडला की कुरबूर दोन्ही घरांत होते. नात्यातलं काम असलं तर जास्तच.

गजानन मार्केटमधलं साड्यांचं दुकान घ्या, जपानी बाजारातला गाळा घ्या, नाहीतर फर्निचर बाजारातली शोरूम. काउंटरवर एकच कॉम्प्युटर असतो. बहुतेक वेळा असेंबल्ड आणि बराच जुना. त्यावरच टॅली, त्यावरच जीएसटी, त्यावरच बँक. एक दिवस भाचा येतो किंवा शेजारचा डिप्लोमाचा मुलगा येतो. म्हणतो, "काका, मी तुम्हाला स्टॉकचा प्रोग्राम करून देतो."

करून घ्या. मुलांना नाही म्हणू नका. डिप्लोमाला आणि बीएस्सी आयटीला जावा शिकवतात, प्रोजेक्टही जावात करून घेतात. ते प्रोजेक्ट मार्क मिळाले की कपाटात जातं. तोच प्रोग्राम खऱ्या दुकानात, खऱ्या गिऱ्हाइकांसमोर चालला तर मुलगा खूप शिकतो आणि तुमचंही काम होतं.

फक्त एक अट घाला. मुलांनो, तुम्ही ती पाळा. प्रोग्राम दुकानात न्यायचा तो स्वतःच्या जावासकट, पूर्ण बांधून. दुकानातल्या जावावर विसंबायचं नाही. त्याला हातही लावायचा नाही.

का, ते सांगतो.

तो जावा टीडीएसचा आहे

जावात लिहिलेला प्रोग्राम एकटा चालत नाही. त्याला चालवणारा जावा त्या कॉम्प्युटरवर असावा लागतो. दुकानात तो बऱ्याचदा आधीपासून असतो. कोणी टाकला? तुमच्या अकाउंटंटने.

टीडीएसचं तिमाही विवरणपत्र तयार करायचं एक मोफत सॉफ्टवेअर आहे. प्रोटीअन कंपनीचं आरपीयू. प्रोटीअन म्हणजे पूर्वीची एनएसडीएल ई-गव्ह. हे आरपीयू जावात लिहिलेलं आहे. तयार झालेली फाईल तपासणारं एफव्हीयू हेही जावातच आहे. कॉम्प्युटरवर योग्य जावा नसेल तर ती उघडत नाहीत. डिजिटल सही करायची काही सॉफ्टवेअरंही जावावर चालत आली आहेत.

तुम्ही म्हणाल, आमच्या एवढ्याशा दुकानाला टीडीएस कुठे? नीट विचारा तुमच्या सीएंना. दुकान एकट्याच्या मालकीचं असलं तरी मागच्या वर्षीची उलाढाल एक कोटीच्या वर गेली असेल, तर शिलाईच्या, पॉलिशच्या जॉबवर्कवर आणि गाळ्याच्या भाड्यावर ठरावीक रकमेनंतर टीडीएस कापावा लागतो. आपल्याकडे जॉबवर्क घरोघरी चालतं. त्यामुळे हे पुष्कळांना लागू आहे.

विवरणपत्राच्या तारखा ठरलेल्या आहेत. एप्रिल ते जूनचं ३१ जुलैला. जुलै ते सप्टेंबरचं ३१ ऑक्टोबरला. ऑक्टोबर ते डिसेंबरचं ३१ जानेवारीला. जानेवारी ते मार्चचं ३१ मेला. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये भरावे लागतात. ही रक्कम कापलेल्या करापेक्षा जास्त होत नाही, एवढीच सवलत. आठ दिवस उशीर म्हणजे १,६०० रुपये.

आता काय होतं बघा. मुलगा २९ जुलैला संध्याकाळी दुकानात येतो. त्याचा प्रोग्राम जावा २१ वर लिहिलेला असतो. दुकानात जावा ८ असतो. जावा ८ हा मार्च २०१४ चा, जावा २१ सप्टेंबर २०२३ चा. नव्यावर बांधलेला प्रोग्राम जुन्यावर उघडत नाही. म्हणून मुलगा नवा जावा टाकतो. "दोन-दोन कशाला?" म्हणून जुना काढूनही टाकतो. त्याच्या मनात वाईट काही नसतं. त्याचा प्रोग्राम चालतो, सगळे चहा पितात.

दुसऱ्या दिवशी अकाउंटंट येतात. आरपीयू उघडत नाही. कोणी काय केलं ते दुकानात कोणालाच सांगता येत नाही. अकाउंटंट हात टेकतात, तारीख जवळ येते आणि बोलणी मात्र मुलाला बसतात.

म्हणून म्हणतो, मुलांनो, तो जावा तुमचा नाही. तो आहे तिथे, आहे तसा राहू द्या. लोकलने कामाला जाणारा माणूस आपला डबा सोबत नेतो, पोहोचल्यावर कोणाच्या डब्यावर विसंबत नाही. तुमचा प्रोग्रामही तसाच पाठवा.

जार फाईल देऊन येऊ नका

नेटबीन्समध्ये प्रोजेक्ट बांधलं की एक जार फाईल तयार होते. मुलं ती पेनड्राइव्हवर घेतात आणि दुकानाच्या डेस्कटॉपवर ठेवून येतात. "यावर डबल क्लिक करा" असं सांगतात. हे करू नका.

पहिली अडचण विनरारची. विनरार टाकलेल्या कॉम्प्युटरवर पुष्कळदा जार फाईल विनरारमध्येच उघडते. दुकानातल्या माणसाला आत कसल्या तरी फाईलींची यादी दिसते. तो गोंधळतो. कधी त्यातली एखादी फाईल ओढून बाहेर काढतो.

दुसरी अडचण लिब फोल्डरची. तुमच्या प्रोग्रामला ज्या इतर जार फाईली लागतात त्या नेटबीन्स डिस्ट फोल्डरात लिब नावाच्या फोल्डरात ठेवतं. मुलं मुख्य जार नेतात आणि लिब घरीच राहतं. मग दुकानात डबल क्लिक केलं की काहीच होत नाही. चूक काय तेही दिसत नाही. मूल बिचारं तासभर डोकं धरून बसतं.

तिसरी अडचण सगळ्यांत मोठी. तुमचा प्रोग्राम मायएसक्यूएलवर चालतो. घरी झॅम्प टाकलेलं असतं, म्हणून चालतो. दुकानात ते नसतं. मग तेही टाका, ते रोज चालू करा, पासवर्ड सांभाळा. काकांना हे झेपणार नाही आणि झेपायचं कारणही नाही. एका काउंटरच्या दुकानाला एसक्यूलाइट किंवा एचटू पुरे आहे. ते प्रोग्रामच्या आतच बसतं. वेगळं काही टाकावं लागत नाही. सगळा डेटा एका फाईलीत राहतो, कॉपी करायलाही सोपा.

आणि कोडमध्ये तुमच्या घरच्या डी ड्राइव्हचा पत्ता लिहिलेला असेल तर आधी तो काढा. दुकानाच्या कॉम्प्युटरवर डी ड्राइव्ह असेलच असं नाही. लोगो, चित्रं, बिलाचा नमुना हे सगळं प्रोग्रामच्या आत ठेवा.

बांधायचं कसं

आता बांधणीचं. यासाठी विकत काही घ्यायचं नाही.

जावाबरोबरच जेपॅकेज नावाचं साधन येतं. ते मार्च २०२० मध्ये जावा १४ बरोबर चाचणीपुरतं आलं आणि मार्च २०२१ मध्ये जावा १६ बरोबर पक्कं झालं. पूर्वी ब्राउझरमधून जावा चालवायची सोय होती, वेब स्टार्टही होतं. ती दारं एकेक करून बंद झाली. वेब स्टार्ट २०१८ मध्ये जावा ११ पासून गेलं. त्या जुन्या पद्धती पुस्तकात दिसल्या तरी सोडून द्या.

जेपॅकेजला तुम्ही तुमच्या जार फाईलींचा फोल्डर दाखवता. लिबसकट. मुख्य जार कोणती ते सांगता. ते तुमचा प्रोग्राम आणि त्याला लागणारा जावा एकत्र बांधतं आणि विंडोजची सेटअप फाईल करून देतं. दुकानदार ती चालवतो. पुढे, पुढे, झालं. डेस्कटॉपवर आयकॉन येतो. कॉम्प्युटरवर दुसरा जावा आहे की नाही, जुना की नवा, याच्याशी त्याला देणंघेणं राहत नाही. आरपीयूचा जावा जागच्या जागी राहतो.

विंडोजची सेटअप फाईल करताना विक्स नावाचं आणखी एक साधन तुमच्या कॉम्प्युटरवर लागतं. ते जमत नसेल तर नुसता फोल्डर बांधून घ्या. जेपॅकेज तेही करतं. त्या फोल्डरात तुमच्या प्रोग्रामची चालणारी फाईल आणि सोबत जावा असतो. तो फोल्डर पेनड्राइव्हवरून कॉपी केला की काम भागतं. पहिल्यांदा करणाऱ्याने इथूनच सुरुवात करावी असं मी सांगेन.

बांधताना चार गोष्टी ठरवूनच घ्या.

डेस्कटॉपवर शॉर्टकट यायला सांगा. तो आपोआप येत नाही. दुकानाचा स्वतःचा आयकॉन द्या. काउंटरवरच्या माणसाला नाव वाचण्याआधी चित्र ओळखू येतं.

त्या एका वापरकर्त्यापुरतंच इन्स्टॉल होईल असं सांगा. मग ॲडमिनचा पासवर्ड लागत नाही. कित्येक दुकानांत तो पासवर्ड कॉम्प्युटर विकणाऱ्यालाच ठाऊक असतो.

आवृत्तीचा आकडा प्रत्येक वेळी वाढवा. प्रोग्रामचं नाव मात्र बदलू नका. अपग्रेड ओळखण्यासाठी एक लांबलचक क्रमांक देता येतो. तो एकदा ठरवा, वहीत लिहा आणि कायम तोच द्या. हे केलं नाही तर नवा प्रोग्राम जुन्याच्या जागी बसत नाही, शेजारी बसतो. डेस्कटॉपवर दोन आयकॉन येतात. सकाळी मालक एकात बिलं करतो, दुपारी नोकर दुसऱ्यात. महिनाअखेर हिशेब जुळत नाही आणि का जुळत नाही ते कळायलाच आठवडा जातो.

बत्तीस की चौसष्ट, तेही आधी विचारून या. चौसष्ट बिटच्या जावाने बांधलेला प्रोग्राम बत्तीस बिटच्या विंडोजवर चालत नाही. आपल्या बाजारात सेकंडहँड मशीन पुष्कळ फिरतात. त्यांत जुनं बत्तीस बिटचं विंडोज ७ अजून सापडतं.

फाईल मोठी होईल. चार-दोन एमबीची जार बांधल्यावर पन्नास एमबीच्या आसपास जाते, कधी त्याहून पुढे. घाबरू नका. पेनड्राइव्हला आणि हार्डडिस्कला ते काहीच नाही. नको असलेला जावाचा भाग वगळून ती लहानही करता येते, पण ते पुढच्या वेळी शिका.

मॅकसाठी बांधायचं असेल तर मॅकवर बसूनच बांधावं लागतं, लिनक्ससाठी लिनक्सवर. आपल्या बाजारात विंडोजच आहे, तेवढं बघा.

हे मोठ्यांनीही केलं आहे. आयकर विवरणपत्र भरायला आयकर खात्याचं जावातलं सॉफ्टवेअर होतं. ते चालवायला आधी जावा टाकावा लागे. २०२०-२१ या कर निर्धारण वर्षानंतर खात्याने ते बंद केलं. जून २०२१ मध्ये नवं पोर्टल आलं, तेव्हापासून सरळ सेटअप फाईल मिळते. ती चालवली की काम सुरू. आधी काय टाकायचं, हा प्रश्नच उरला नाही. देशभरच्या करदात्यांना जी सोय मिळाली, ती काकांच्या दुकानालाही मिळाली पाहिजे.

मराठी आणि सिंधी नावांची काळजी

हे थोडं सविस्तर सांगतो, कारण इथे नुकसान भरून निघत नाही.

गिऱ्हाइकाचं नाव मराठीत लिहिलं, साठवलं, आणि दुसऱ्या दिवशी तिथे नुसती प्रश्नचिन्हं. घरी तर नीट दिसत होतं. असं का होतं?

जावा १८ च्या आधी जावा अक्षरं साठवताना विंडोजची जुनी पद्धत धरायचा. त्या पद्धतीत देवनागरी बसत नाही. मार्च २०२२ मध्ये आलेल्या जावा १८ पासून तो आपणहून यूटीएफ-८ धरतो. त्यात सगळ्या लिप्या बसतात. नेटबीन्स मात्र तुमचा प्रोग्राम चालवताना प्रोजेक्टमध्ये ठरलेली पद्धत सांगतं, आणि ती बहुधा यूटीएफ-८ असते. म्हणून नेटबीन्समधून सगळं छान. दुकानात जुन्या जावावर डबल क्लिक केलं की प्रश्नचिन्हं.

एकदा प्रश्नचिन्ह साठवलं गेलं की मूळ अक्षर गेलं. ते कोणालाही परत आणता येत नाही. उधारीच्या वहीतली नावं अशी गेली तर पैसे कोणाकडे मागायचे?

उपाय सोपा आहे. जावा २१ सोबत बांधा, म्हणजे प्रश्न येत नाही. जावा १७ बांधत असाल तर जेपॅकेजलाच सांगून ठेवा की यूटीएफ-८ वापर. आणि दुकानात देण्याआधी दहा मराठी नावं भरा, प्रोग्राम बंद करा, पुन्हा उघडा, वाचा. 'ज्ञानेश्वर', 'कृष्णा', 'हृषीकेश' अशी जोडाक्षरांची आणि मात्रांची नावं घ्या.

फॉन्टचंही तसंच. प्रोग्रामात मंगल फॉन्टचं नाव लिहू नका. जुन्या विंडोजबरोबर मंगल यायचा. विंडोज १० पासून तो प्रत्येक कॉम्प्युटरवर असतोच असं नाही, त्याच्या जागी निर्मला आहे. फॉन्ट नसला की अक्षरांच्या जागी चौकोन उमटतात. बिलावर चौकोन छापलेले गिऱ्हाइकाला देणार का?

नोटो सान्स देवनागरी हा मोफत फॉन्ट आहे. तो प्रोग्रामच्या आतच ठेवा. आपल्या गावात त्याचा आणखी एक फायदा. सिंधी देवनागरीत ॻ, ॼ, ॾ, ॿ अशी खालच्या रेघेची अक्षरं येतात. ती यूनिकोडमध्ये २००६ मध्ये आली, त्यामुळे जुन्या फॉन्टांत नसतात. नोटोत आहेत. १९४९ पासून हे गाव सिंधी माणसांनी उभं केलं आहे. त्यांच्या दुकानाच्या बिलावर त्यांचं नाव नीट छापलं गेलं पाहिजे.

दुकानात नेण्याआधी

घरच्या कॉम्प्युटरवर चाललं म्हणजे झालं असं समजू नका. तुमच्या कॉम्प्युटरवर जावा आहे, नेटबीन्स आहे, सगळंच आहे. जिथे यातलं काहीही नाही असा कॉम्प्युटर शोधा. मावशीकडचा, मित्राच्या बहिणीचा, कोणाचाही. तिथे सेटअप चालवा. बिल करा. छापा. बंद करा. उघडा. काढून टाका. पुन्हा टाका. डेटा राहिला का ते बघा.

डेटा प्रोग्रामच्या फोल्डरात ठेवू नका. प्रोग्राम फाईल्समध्ये विंडोज साध्या वापरकर्त्याला लिहू देत नाही. डॉक्युमेंट्समध्ये दुकानाच्या नावाचा वेगळा फोल्डर करा. मालकाला तो उघडून दाखवा. "काका, तुमचा सगळा धंदा या फोल्डरात आहे," एवढं एक वाक्य नक्की सांगा.

दुकानातला प्रिंटर बघितल्याशिवाय बिलाचा नमुना पक्का करू नका. डॉट मॅट्रिक्सचं बिल वेगळं, तीन इंची थर्मलचं वेगळं.

आता दुकानदारांसाठी

काका, काकी, तुम्हाला जेपॅकेज वगैरे कळायची गरज नाही. तुम्ही फक्त विचारा.

"याला आमच्या कॉम्प्युटरवर जावा टाकावा लागेल का?" उत्तर "नाही, आतच आहे" असं यायला हवं. "हो, डाउनलोड करतो" असं आलं तर म्हणा, "बाळा, बांधून आण. घाई नाही."

यात पैशाचाही प्रश्न आहे. ओरॅकल कंपनीचा जावा ८ घरच्या वापराला फुकट आहे. धंद्यासाठी मात्र एप्रिल २०१९ पासूनच्या त्याच्या नव्या आवृत्त्यांना पैसे लागतात. दुकानाचा काउंटर म्हणजे धंदाच. याउलट ओपनजेडीके हा खुला जावा धंद्यालाही मोफत आहे. अडॉप्टियम त्याचीच बांधणी टेमुरिन नावाने देतं. मुलाने तो सोबत बांधला तर तुमच्यावर कसलंही देणं येत नाही.

सेटअप चालवताना कधी एक निळी खिडकी येते. विंडोज सांगेल की हा प्रोग्राम कोणी बनवला ते मला माहीत नाही. मुलाने विकतची डिजिटल सही केलेली नसते, म्हणून ती येते. त्या सहीला वर्षाला पैसे लागतात. विद्यार्थ्याकडून ती अपेक्षा धरू नका. फाईल मुलाने स्वतः समोर बसून पेनड्राइव्हवरून दिली असेल तर पुढे जा. व्हॉट्सॲपवर कोणाकडून तरी आली असेल तर जाऊ नका. त्या मुलाला फोन करून विचारा.

अँटिव्हायरस बंद करायला कोणी सांगितलं तर करू नका. ज्या कॉम्प्युटरवर बँक उघडता त्यावर तर मुळीच नाही.

तुमच्या जीएसटीचा किंवा आयकराचा डिजिटल सहीचा टोकन कोणाला देऊ नका. प्रोग्रामवर सही करायला तो चालतही नाही. तो तुमच्या नावाचा आहे आणि त्याने केलेल्या सहीला तुम्ही जबाबदार आहात.

एनीडेस्कवरून दुरुस्ती करायची असेल तर स्वतः समोर बसा. बँकेची खिडकी आधी बंद करा. काम झालं की एनीडेस्कही बंद करा.

आणि एक कागद करून घ्या. हे मनावर घ्या. आज डिप्लोमाला असलेला मुलगा दोन वर्षांनी ऐरोलीला किंवा हिंजवडीला नोकरीला जाईल. जावंच त्याने. तेव्हा रात्री आठला फोन लागला नाही म्हणून त्याच्यावर रागावू नका. कागदावर एवढं असू द्या: प्रोग्रामचं नाव आणि आवृत्ती, आत कोणता जावा बांधला आहे, डेटा कुठल्या फोल्डरात आहे, सेटअप कुठे ठेवला आहे. मूळ कोडही एका पेनड्राइव्हवर घालून पाकिटात ठेवा. पुढे दुसऱ्या कोणाला दुरुस्ती करायची झाली तर तोच उपयोगी पडेल. मुलाला त्याच्या कामाचे पैसे द्या. थोडे का होईना, ठरवून द्या. वर्षातून दोनदा यायचं असेल तर त्याचेही ठरवा.

यायला का हवं? सोबत बांधलेला जावा आपोआप सुधारत नाही. जावाच्या सुरक्षेच्या दुरुस्त्या दर तीन महिन्यांनी येतात. जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर. इंटरनेटशी न बोलणाऱ्या बिलाच्या प्रोग्रामला प्रत्येक दुरुस्तीसाठी धावायची गरज नाही. तरी वर्षातून एक-दोनदा नव्या जावाने पुन्हा बांधून द्यावा. ही जबाबदारी लिहिणाऱ्याची आहे आणि मुलांनो, ती तुम्ही घेतलीच पाहिजे.

पावसाचं आपल्याला वेगळं सांगायला नको. २६ जुलै २००५ चा पूर सगळ्यांना आठवतो. जुलै २०१९ मध्ये उल्हास नदीला पूर आला आणि महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली. तळमजल्यावरच्या दुकानात कॉम्प्युटर टेबलाखाली असतो. पाणी शिरलं की आधी तो जातो. दर शनिवारी डेटाचा फोल्डर पेनड्राइव्हवर घ्या. त्याच पेनड्राइव्हवर सेटअप फाईलही ठेवा. तो पेनड्राइव्ह दुकानात ठेवू नका, घरी न्या, वरच्या मजल्यावर ठेवा.

सेटअप पूर्ण बांधलेला असेल तर त्याचं मोल अशा वेळी कळतं. नवा कॉम्प्युटर आणला, सेटअप चालवला, फोल्डर परत ठेवला, की दुकान त्याच दिवशी बिल करायला लागतं. जावा कुठला होता, डेटाबेस कुठला होता, हे आठवत बसावं लागत नाही. इंटरनेट नसलं तरी चालतं, आणि पुरानंतर ते दोन-चार दिवस नसतंच.

शेवटचं एकच. तारखांच्या आठवड्यात कोणाच्याही दुकानात नवं काही टाकू नका. जुलै, ऑक्टोबर, जानेवारी आणि मे या महिन्यांचा शेवटचा आठवडा अकाउंटंटचा आहे. महिना उलटू द्या. मग सकाळी, गर्दी नसताना, बांधलेला सेटअप घेऊन जा.